लोकरताईंबरोबर घरापर्यंत

पूल ओलांडला तोवर आम्ही अर्धं शहर तुडवलं होतं. मागून बस आली तरी लोकरताईंनी हात दाखवला नाही.

"बसमध्ये तुम्ही पर्स सांभाळाल, मी तोल. चालताना माणूस बोलतं," असं म्हणून त्यांनी चपलेतला खडा झटकला आणि पुन्हा चालू लागल्या. त्यांचं वय विचारायची माझी हिंमत नव्हती. धाप मात्र मलाच लागली होती.

त्यांना मी धाकट्या बहिणीसाठी घरी घेऊन चालले होते. धाकटी शिवणकाम करायची त्या कारखान्यात आग लागली. ती बाहेर आली, शेजारच्या मशीनवरची तिची जिवाभावाची मैत्रीण आली नाही. तेव्हापासून धाकटी जेवते, पडून राहते, विचारलं तर "बरी आहे" म्हणते. बस्स, तेवढंच.

लोकरताई दवाखान्यामागच्या खोलीत बसतात. मनाच्या दुखण्यावर बोलून उपचार करायचं रीतसर शिक्षण त्यांनी घेतलंय, पण खोलीत टेबल नाही. सतरंजी आणि जुन्या स्वेटरांची पिशवी. पहिल्या दिवशी धाकटीची नजर दाराच्या कडीवरून हलेना, कुणी ती लावेल की काय म्हणून. पुढच्या वेळी गेलो तर कडीच नव्हती, स्क्रूची भोकं तेवढी उरली होती. त्याबद्दल त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

"तुम्हाला कसं वाटतं?" असं त्या कुणालाच विचारत नाहीत. "विचारलं की बायका घराची खुशाली सांगतात. ह्यांचं बरं आहे, सासूबाईंचा गुडघा धरलाय. स्वतःपर्यंत यायच्या आत वेळ संपतो." म्हणून त्या स्वेटर उसवायला घेतात. त्या धागा ओढतात, आलेली बाई लोकरीचा गुंडा करते. नजरेला नजर द्यावी लागत नाही, आणि हात चालले की कधीतरी तोंडही चालतं. हे त्या कॉलेजात नाही शिकल्या. नवरा अपघातात गेला तेव्हा त्या भिंतीकडे तोंड करून बसायच्या. सासूबाईंनी एक स्वेटर मांडीवर टाकला. "बोलू नकोस. नुसता धागा धर."

आधीच्या एका समुपदेशकाने धाकटीला प्रार्थना सोडायला सांगितलं होतं, ती म्हणे पळवाट. लोकरताईंनी उलट विचारलं, "देवाशी बोलणं चालू आहे ना? राहू दे. तो मध्ये बोलत नाही, मला अजून ते जमत नाही. आणि डॉक्टरांची गोळी चुकवायची नाही." त्या दिवशी मला त्या आमच्या वाटल्या.

बाजार मागे पडल्यावर त्यांनी विचारलं, "घरी त्या गेलेल्या मुलीचं नाव कोण घेतं?"

"कुणीच नाही. आईची सक्त ताकीद आहे. टीव्हीवर नुसता धूर दिसला तरी भाऊ बंद करतो. धाकटीला त्रास नको."

त्यांनी चाल हळू केली. "तिने सांगायची परवानगी दिलीय म्हणून सांगते. तिला वाटतं, तुम्ही सगळे तिच्यावर रागावलात. ती एकटीच आली म्हणून. त्या मुलीचं नाव म्हणूनच कुणी काढत नाही."

मी दुकानाच्या फळीला धरून उभी राहिले. "अहो, आम्ही जपत होतो तिला."

"जपलंतच. म्हणून तर ती जेवतेय. चला, थांबलात तर पाय धरतील."

आमच्या गल्लीत वळल्यावर म्हणाल्या, "संध्याकाळची प्रार्थना कोण म्हणतं?"

"मी. शेवटी घरातल्या एकेकाचं नाव घेऊन मागणं मागते."

"मनात?"

"मोठ्याने. आईला ऐकू कमी येतं, तिचं नाव गाळलं असं वाटतं तिला."

त्या हसल्या. मग जिन्याखाली थांबल्या, वर आमच्या दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"आज मी बोलणार नाही, मागे बसेन. आईंचं मी बघते. धाकटीलाही विचारलंय. ती एवढंच म्हणाली, माझी ताई घेईल का? तर प्रार्थनेत तिचं नाव झालं की त्या मुलीचं घ्या. आवाज कापला तर कापू दे, पण नाव पूर्ण घ्या."