सासरच्या नावाची नक्कल

माझी फारकत होऊन इतकी वर्षं झाली, की पडेगावात आमच्या गल्लीतल्या नव्या लोकांना मी बिनलग्नाचीच वाटते. मीही कोणाला दुरुस्त करत बसत नाही. बालवाडीत बाई होते तेव्हा पोरांच्या आया विचारायच्या, बाई, तुमचे मिस्टर काय करतात? मी म्हणायची, असतील सुखात. तिथं विषय संपायचा. त्या फारकतीचा कागद पुन्हा कधी लागेल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं. लागला तो माझ्यासाठी नाय, भावासाठी.

भाऊ माझ्याहून बराच धाकटा. वाळूजला एका कंपनीत होता. शुगरनं त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या आणि डायलिसिस मागं लागलं. मी त्याच्याच घरी राहते, वरच्या खोलीत. त्याच्या पोरी अजून शाळेत, भावजयीला स्वतःलाच शुगर, तिची किडनी चालणार नव्हती. माझ्या तपासण्या केल्या आणि माझी जुळली. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला. डॉक्टरांना म्हणलं, घ्या काढून, आणि लवकर घ्या, मी अजून म्हातारी व्हायच्या आत. डॉक्टर हसले, भावजय रडली. भाऊ मान खाली घालून फायलीचा कोपरा दुमडत बसला. मी म्हणलं, घाबरला असंल.

दवाखान्यात कागदपत्रं बघणाऱ्या एक मॅडम होत्या. त्यांनी विचारलं, लग्न झालंय का? झालं होतं, मी म्हणलं. मग म्हणाल्या, "ताई, किडनी द्यायला मंजुरी देणारी समिती असते, तिच्यापुढं नवऱ्याची संमती लागते. नाहीतर फारकतीचा कोर्टाचा हुकूम आणा, शिक्क्याची प्रत."

नवऱ्याची संमती. माझ्या तर मस्तकात तिडीक गेली. ज्या माणसानं माझी बरगडी मोडली तेव्हा मला विचारलं नाही, त्याला विचारून मी माझ्या अंगातली किडनी द्यायची? मॅडमचा काही दोष नव्हता, नियम तो नियम. पण माझं तोंड बघून त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं केला.

हुकुमाची प्रत घरात नव्हती. निकाल लागला तेव्हा अण्णांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी ती आणली होती. आईनं ती, लग्नपत्रिका, हिरवा चुडा आणि लग्नातला शालू एका गाठोड्यात बांधलं आणि पैठणला नेऊन गोदावरीत सोडून दिलं. येताना देवळात जाऊन आली. माझ्यावरची पीडा गेली म्हणून तिनं शेजारणींना साखर वाटली. तिला काय माहीत, पुढं लेकासाठीच तो कागद लागणार होता.

आता कोर्टातून नक्कल काढायची, म्हणजे शिक्का मारलेली प्रत. भाऊ म्हणाला, "मी जातो, ताई. तू त्या पायऱ्या पुन्हा चढू नको." एक दिवसाआड मशीनला लागणारा माणूस, पायाला सूज, आणि हा जाणार. मी नको म्हणलं. पण त्याचं ठरलेलं होतं. आमच्या घरात कोर्टकचेरी पुरुषांनीच करायची. फारकतीच्या वेळीही सगळ्या तारखांना अण्णाच जायचे, आमच्या गावाहून, सोयगावहून एसटीनं, डबा घेऊन. मी फक्त साक्षीच्या दिवशी गेले. तर भावानं अधिकारपत्र पुढं केलं, अर्ज पुढं केला, आणि म्हणाला, इथं सही कर. मी केली. वरचं मी भरते असं म्हणाले, तर म्हणाला, "राहू दे, मी भरतो निवांत." अण्णाही असंच म्हणायचे.

मग सुरू झालं वाट बघणं. तो जाऊन आला की मी दारातच विचारायची, काय झालं? जुनं रेकॉर्ड आहे, शोधावं लागंल. पुढच्या वेळी विचारलं तर साहेब रजेवर. मग म्हणाला, रजिस्टरं दुसरीकडं हलवलीत. त्याच्याकडं बघून जास्त विचारवत नव्हतं. ओठ पांढरे, अंगाला खाज, रात्री उशा लावून बसल्या बसल्या झोपायचा. एवढं करून शेवटी एक दिवस घरी आला आणि चपला काढता काढता म्हणाला, "नाय सापडत, ताई. त्या नावाचं प्रकरणच नाय म्हणतात. भिजलं असंल नाहीतर वाळवीनं खाल्लं असंल. सोडून दे."

सोडून दे म्हणे. मी त्याला लई बोलले. म्हणलं, एवढा शिकलेला तू, आणि एक कागद आणता येत नाय तुला? त्यानं ऐकून घेतलं. भावजय स्वयंपाकघरातून म्हणाली, "वन्सं, राहू द्या ना आता, थकून आलेत." मी वर खोलीत निघून गेले, पण माझ्या जिवाला चैन नव्हतं. निकालाचं साल मला पाठ होतं. साक्ष मी दिली होती. मी उभी राहिले तो पिंजरा होता, तर प्रकरण नाय असं कसं होईल?

दुसऱ्या दिवशी त्याच्या तपासण्यांच्या फायलीत मला अर्जाची पोच आणि खाली कोर्टाचं उत्तर सापडलं. वाचलं आणि कपाळावर हात मारला. अर्जदाराच्या नावात त्यानं माझं माहेरचं नाव लिहिलं होतं. माझं नाव, अण्णांचं नाव, आमचं आडनाव. समोरच्या पक्षाचं तर नुसतं आडनावच टाकलेलं, आणि त्या आडनावाची माणसं माझ्या सासरी, सिल्लोडात, गल्लोगल्ली आहेत. कोर्टानं बिचाऱ्यानं शोधलं ते बरोबरच शोधलं. त्या नावाच्या बाईनं कधी फारकत मागितलीच नव्हती.

कारण लग्नात माझं नाव बदललं होतं. नुसतं आडनाव नाय, पहिलं नावही. आमच्याकडं तशी रीत होती. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात बायकोचं नवं नाव लिहायचं, मग ते सगळ्यांना वाचून दाखवायचं. माझ्या लग्नात ते वाचलं भावानं. नुकताच वाचायला शिकलेला, दुकानांच्या पाट्याही वाचत सुटायचा. नवऱ्याच्या मांडीला टेकून ताटावर वाकला आणि एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचलं. सगळे हसले. मला नाव आवडलं की नाय हे कोणी विचारलं नाही, तसं विचारायची रीत नव्हती. मी नवऱ्याला सोडून माहेरी परत आले तेव्हा अण्णांनी सांगितलं, ते नाव ह्या घरात काढायचं नाही. भावानं एकदा चुकून त्या नावानं हाक मारली तर त्याला थोबाडीत बसली. पुन्हा कोणीच काढलं नाही. मीसुद्धा नाही.

म्हणून माझा राग निवला. म्हणलं, पोर होतं ते, विसरला असंल. नाहीतर अण्णांची थोबाडीत अजून लक्षात असंल. आणि आता तर त्याच्या रक्तातला युरिया डोक्यात चढलेला, कालचं आज आठवत नाही. मी त्याला काही बोलले नाही. भावजयीला सांगितलं, बँकेत जाते, आणि आधार कार्ड घेऊन कोर्ट गाठलं.

खिडकीत एक तरुण मुलगी होती. तिनं विचारलं, अर्जदाराचं नाव? मी सवयीनं माहेरचंच सांगितलं, मग म्हणलं, नाय नाय, लग्नातलं. "मग लग्नातलं सांगा." मी ओठातल्या ओठात पुटपुटले. इतक्या वर्षांत ते नाव मी मनातसुद्धा म्हणलं नव्हतं. ती म्हणाली, "मावशी, मोठ्यानं बोला, काचेतून ऐकू येत नाही." मग बोलले. मला वाटलं, आता सगळं कोर्ट वळून बघतंय. कोणी ढुंकूनही बघितलं नाही. ज्याला त्याला आपलं पडलेलं.

तिनं अर्ज लिहून घेतला, साल विचारलं, नवऱ्याचं पूर्ण नाव विचारलं, आणि बसायला सांगितलं. बाकावर माझ्या शेजारी एक माणूस नवी बाहुली मांडीवर घेऊन बसला होता. लेकीला भेटायची त्याची वेळ होती. लेक आली, आईचा पदर सोडेना. त्यानं बाहुली पुढं केली तर ती रडायलाच लागली. शेवटी त्यानं बाहुली बाकावर ठेवली आणि जिन्यापाशी जाऊन उभा राहिला. मला पोरं झाली नाहीत ह्याचं मी तिथं पहिल्यांदा बरं मानलं.

"मावशी, सापडलं," खिडकीतून ती मुलगी म्हणाली. वाळवी नाय, पाणी नाय. जिथं असायला पाहिजे तिथंच होतं.

नक्कल हातात यायला पुढं थोडे दिवस लागले, आणि तेवढ्यात भावाची तब्येत घसरली. छातीत पाणी झालं, एका पहाटे त्याला उचलूनच न्यावं लागलं. मी दवाखान्यातून कोर्टात आणि कोर्टातून दवाखान्यात अशी फिरत होते. नक्कल मिळाली ती मी कोर्टाच्या आवारातच उभ्या उभ्या वाचली. वरती ते नाव, पुढं "भ्र.", म्हणजे भ्रतार, आणि त्याचं नाव. बाईच्या नावापुढं आमच्याकडच्या कागदांत असंच लिहितात. खाली सगळा संसार एवढासा. "क्रूर वागणूक" ह्या दोन शब्दांत माझी बरगडी, माझं जळलेलं मनगट, सगळं बसवलेलं. अपत्य नाही. विवाह संपुष्टात. मला रडू आलं नाही. मी कागद पदराखाली धरला आणि रिक्षा केली, कारण आता भाऊ वाचणार होता.

वॉर्डाच्या बाहेर डॉक्टर भेटले. मी कागद पुढं केला. त्यांनी तो घेतला, बघितला, आणि परत माझ्या हातात दिला. म्हणाले, "ताई, त्यांचं हृदय आता फार कमजोर झालंय. भूल सोसणार नाही. मागंच ऑपरेशन झालं असतं तर गोष्ट वेगळी होती." पुढं ते बरंच काही बोलले, सावरतील, बघू, वगैरे. माझ्या कानात मागंच, मागंच एवढंच घुमत होतं.

भाऊ मशीनला होता. नळ्यांतून रक्त फिरत होतं. मी स्टुलावर बसले आणि कागद त्याच्या डोळ्यांपुढं धरला. म्हणलं, "हे बघ, सापडलं. तू नाव चुकीचं लिहिलं होतंस, येड्या."

त्यानं कागदाकडं बघितलं आणि ते नाव वाचलं. एकेक अक्षर लावत, लग्नात वाचलं होतं तसंच, आणि हसल्यासारखं केलं.

"चुकीचं नव्हतं लिहिलं," तो म्हणाला. "तांदळातलं मीच वाचलं होतं की, ताई. कसं विसरंन?"

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि मी कागद खाली घेतला. म्हणलं, "म्हणजे मुद्दाम?"

"व्हय."

"का रे?"

तो दमत दमत बोलत होता. "तुझं सगळं दुसऱ्यांनीच घेतलं. आधी त्या लोकांनी. मग आम्ही. आईचं तू केलंस, अण्णांचं तू केलंस, माझ्या पोरी तू वाढवल्या. आता आतलंही काढून द्यायला निघालीस. मला नाय घेववलं."

"मग तोंडानं सांगायचं होतं, नको म्हणून."

"तू ऐकलं असतंस का?"

"नसतं ऐकलं."

"म्हणून."

मी उठले. त्या वॉर्डात आवाज चढवू नये एवढं मला कळत होतं, पण अंगाची आग आग होत होती. वाटलं, आता अण्णांसारखी एक ठेवून द्यावी ह्याला. माझी किडनी. माझं अंग. द्यायची का नाय ते मी ठरवणार का हा ठरवणार? बायको, पोरी, कोणाचा विचार केला नाही आणि चालला मोठा उपकार करायला. हे सगळं मी त्याला म्हणाले, दात आवळून, हळू आवाजात. त्यानं डोळे मिटून घेतले. म्हणाला, "रागव. पण जाऊ नको, बस इथं." मी बसले. मशीन थांबेपर्यंत त्याचा हात धरून बसले होते, आणि मनातून त्याला शिव्या देत होते.

पोळ्याच्या आसपास तो गेला. भावजयीला मी अजून हे सांगितलेलं नाही. ती म्हणते, वन्सं, नशीबच वाईट, कागद उशिरा सापडला. मी व्हय म्हणते.

लोक मला सांगतात, फारकतीच्या बहिणीला घरात ठेवणारा असा भाऊ मिळायला भाग्य लागतं. मिळाला होता, आणि माझा फार जीव होता त्याच्यावर. पण त्याचा राग माझ्या मनातून जात नाही, आणि जावा असंही मला वाटत नाही. लग्न ठरवताना मला कोणी विचारलं नव्हतं. नाव बदलताना विचारलं नव्हतं. ह्या वेळी तर कोणी विचारायची मी वाटही बघितली नाही, माझी घ्या म्हणून स्वतःच्या तोंडानं सांगितलं होतं.