लक्झेंबर्गने मला पास केलं

गेल्या शुक्रवारी मी फ्रेंचच्या तोंडी परीक्षेत पास झाले. तिसऱ्या खेपेला... आणि तेही लक्झेंबर्गच्या कृपेने. हसू नका, सांगते.

मी मॉन्ट्रियलमध्ये विमानांच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करते, सात वर्षं झाली. टीम लीडची जागा समोर दिसत होती, पण त्यासाठी फ्रेंचची ही लेव्हल हवीच. दोनदा नापास झाले होते, आता पुन्हा झाले असते तर ती जागा दुसऱ्या कुणाला तरी मिळणार होती.

माझा दोष मला पक्का ठाऊक होता. शब्द अडला की मी लगेच इंग्लिशवर उडी मारते... समोरच्याला उगीच ताटकळत ठेवायचं कशाला! मी पडले नागपूरची. इथल्या इंडियन ग्रोसरीत एका बाईंशी पंधरा मिनिटं हिंदीत गप्पा मारल्या, मग त्यांचा फोन वाजला आणि त्या म्हणाल्या, "हां आई, बोल गं." दोघीही धरमपेठच्या निघालो!

तर परीक्षेत एका देशावर दहा मिनिटं बोलायचं होतं. महिनाभर आधी आमच्या फ्रेंचच्या वर्गात चिठ्ठ्या उचलल्या. कुणाला इटली, कुणाला ब्राझील आणि मला लक्झेंबर्ग. नकाशात शोधायलाच चष्मा लावावा लागला.

चरफडत बेसमेंटमध्ये लॉन्ड्रीला गेले, तर तिथे दुसऱ्या मजल्यावरच्या मादाम क्लेअर कपड्यांच्या घड्या घालत होत्या. पंचाहत्तरीच्या बाई. पाच वर्षांत आमचं बोलणं 'बाँजूर'च्या पुढे गेलं नव्हतं. मी सहज आपलं रडगाणं गायलं, तर हातातला टॉवेल तसाच धरून त्या माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "अहो, मी तिथलीच आहे."

मग काय, तीन आठवडे दर मंगळवारी आणि शनिवारी मी त्यांच्याकडे. मी पोहे न्यायचे, त्या कॉफी करायच्या, आणि गप्पा सगळ्या फ्रेंचमध्ये.

त्यांच्या घरी बोलायचे लक्झेंबर्गिश. शाळेत लिहा-वाचायला शिकवलं जर्मनमध्ये, आणि मोठ्या वर्गात गेल्यावर फ्रेंच. एवढासा देश आणि तीन भाषा! आता तिथे रोज सकाळी शेजारच्या देशांतून माणसांचे लोंढे कामाला येतात आणि संध्याकाळी परत जातात. ते आले नाहीत तर हॉस्पिटलंही अडतील. उलट घरं इतकी महाग झालीत की मादामचा सख्खा भाचा सीमेपलीकडे जर्मनीत राहायला गेला आणि नोकरीला रोज आपल्याच देशात येतो...

त्यांची बहीण अजून त्याच गावात असते. ज्या बेकरीत त्या दोघी लहानपणी जायच्या, तिथे आता तिला ब्रेड फ्रेंचमध्ये मागावा लागतो. मी विचारलं, मग तुम्ही आपल्या भाषेत का नाही मागत? मादाम म्हणाल्या, "समोरच्याला येत नसेल तर आम्ही लगेच बदलतो. आम्हाला तसंच वळण लावलंय. मग त्याने आमची भाषा शिकावी तरी कुठे?"

मी चाटच पडले. हे तर आपलं इथलं मराठी मंडळ! दिवाळीच्या कार्यक्रमाला दिल्लीचं एक जोडपं आलं की सगळं सभागृह हिंदीत सुरू होतं. आपण फार सज्जन हो... आणि त्या सज्जनपणापायीच मी दोनदा नापास झाले होते.

शुक्रवारी वर्गात बाहेरचे परीक्षक आले होते. पाच मिनिटं बरी गेली. मग त्या सीमेपलीकडून येणाऱ्या माणसांना फ्रेंचमध्ये एक नेमका शब्द आहे, तो डोक्यातून साफ उडाला. परीक्षक भले गृहस्थ, हसून म्हणाले, "इट्स ओके, से इट इन इंग्लिश."

इंग्लिश शब्द जिभेवर तयार होता. पण मी म्हटलं, "नाही मस्यू, एक मिनिट थांबा. फ्रेंचमध्येच सांगते." बारा जण माझ्याकडे बघत होते. ते एक मिनिट किती लांब असतं म्हणून सांगू! मग आडवळणाने, मोडकंतोडकं, पण सांगितलंच... जी माणसं एका देशात झोपतात आणि दुसऱ्या देशात घाम गाळतात, ती.

त्यानंतर मी थांबलेच नाही, बेकरीची गोष्टही सांगून टाकली. परीक्षकांनी विचारलं, मग ही लक्झेंबर्गिश भाषा संपणार का? म्हटलं, मुळीच नाही. आयुष्यभर मादामना जर्मनमध्ये पत्रं लिहिणारी बहीण आता नातीकडून शिकून फोनवर आपल्या भाषेत मेसेज टाकते. बाहेरून आलेले लोकही संध्याकाळी क्लासला जाऊन ती शिकतात. हे बोलताना माझाच आवाज चढला होता.

निकाल सांगताना परीक्षक म्हणाले, व्याकरणाच्या चुका भरपूर आहेत, पण तुम्ही मैदान सोडलं नाहीत. मी वॉशरूममध्ये जाऊन पाच मिनिटं रडले. सोमवारी ऑफिसातून मेल आला, जागा माझी!

पण खरी मजा मधल्या शनिवारी सकाळी आली. मादामना चहाला बोलावलं आणि सगळं सांगितलं. ऐकून त्यांनी तिथल्या तिथे बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. त्यांच्या बेकरीची गोष्ट मॉन्ट्रियलमध्ये बारा माणसांनी कान देऊन ऐकली, हे तिला सांगायचं होतं ना!

एरवी हळू बोलणाऱ्या मादाम माझ्या किचनमध्ये उभ्या राहून, हातवारे करत, खणखणीत आवाजात आपल्या भाषेत बोलत होत्या. पलीकडून बहीण हसत होती, मध्येच डोळे पुसत होती. वीस मिनिटांत मला माझ्या नावाखेरीज एक अक्षर कळलं नाही... आणि माझ्या घरात इतकं सुंदर कुणी बोललेलं मी आजवर ऐकलं नव्हतं.