वरची फळी

"हात वर करा," फिजिओथेरपीच्या बाई म्हणाल्या. माझ्या बायकोचा उजवा हात खांद्यापर्यंत आला आणि तिथेच अडला. मी चरकलोच.

"कधीपासून होतंय?"

"संक्रांतीपासून," ही सहज म्हणाली. आता श्रावण चालू होता!

खांदा आखडलाय, रोज व्यायाम केला की हळूहळू सुटेल, असं बाई समजावत होत्या. माझं लक्षच नव्हतं. सात महिने एका घरात राहून मला पत्ता नाही? वेणी, दोरीवरचे कपडे, हिनं कसं निभावलं असेल?

घरी येऊन पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो. वरची फळी रिकामी होती. सगळे डबे केव्हाचे खाली ओट्यावर आले होते. तेव्हा ते बघून मीच म्हणालो होतो, "वा, काय छान आवरलंस!"