दोन नावांची आई

माझी स्वतःची मुलगी ताब्यात घेताना मी कागदावर 'कौटुंबिक मैत्रीण' म्हणून सही केलेली आहे. सासरी हे अजून सांगितलेलं नाही. सांगायला बसले तर माझं तोंड सुटेल आणि मग ते आवरायचं नाही.

लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळांवर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं. आमच्याकडे तशी पद्धतच आहे. मी हसले, पेढा खाल्ला आणि विसरून गेले. पासपोर्ट, नोकरी, बँक, सगळीकडे माहेरचंच नाव राहिलं. नवं नाव फक्त सासूबाईंच्या तोंडी. पण मुलगी झाली तेव्हा जन्माचा दाखला काढायला सासरे गेले आणि आईच्या रकान्यात त्यांनी ते तांदळातलं नाव दिलं. मी कुरकुरले. नवरा म्हणाला, "बदलू की, घाई काय आहे?" त्या 'घाई काय आहे'ला सात वर्षं झाली, आणि ते भोवलं मला, इथे सिंगापूरमध्ये.

आम्ही बुकित पंजांगला राहायचो. मी ऑफिसच्या कामाला मलेशियात पेनांगला गेले होते. त्याच दिवशी नवऱ्याला चौकशीला नेलं. त्याच्या कंपनीने त्याचा इथल्या नोकरीचा पास काढताना खोटी माहिती भरली होती म्हणे. त्याचा फोनही काढून घेतला. मुलगी शाळा सुटल्यावर पाळणाघरात बसून राहिली, न्यायला कुणी येईना. शेवटी पाळणाघराने बालकल्याणवाल्यांना कळवलं आणि त्यांनी तिला टॅम्पिनीसच्या एका कुटुंबाकडे ठेवलं. मला फोन आला: मूल सुखरूप आहे, कागदपत्रं घेऊन या. कसलं सुखरूप? सकाळच्या पहिल्या विमानाने निघाले, पण सीटवर बसवेना. टॅक्सीत तीनदा फाईल उघडून दाखला आहे ना ते पाहिलं.

आणि त्या दाखल्यानेच घात केला. बालकल्याणच्या ऑफिसात टेबलापलीकडची अधिकारी माझ्याच वयाची, शांत, सभ्य बाई. तिने दाखला पाहिला, माझा पासपोर्ट पाहिला, पुन्हा दाखला पाहिला. दोन्हींवरच्या बाया वेगळ्या. मी तिला तांदूळ, ताट, अंगठी सगळं समजावलं. इंग्रजीत सांगताना ते मलाच येडपटपणाचं वाटायला लागलं. मोबाईलमधले फोटो दाखवले. शेवटी विचारलं, "पोटावरचे टाके दाखवू का?"

"माझा विश्वास आहे, मॅडम," ती म्हणाली. "पण माझ्या विश्वासावर मूल देता येत नाही."

मला तिचा संताप आला. आणि त्याच वेळी हेही कळत होतं की उद्या दुसऱ्याच नावाची कुणी बाई माझ्या पोरीला न्यायला आली, तर तिलाही असंच अडवायला हवं. दोन्ही नावं माझीच असल्याचा दूतावासाचा कागद यायला तीन-चार दिवस लागणार होते. तोवर नवऱ्याचं काय होणार, आमचे पास राहणार की जाणार, आम्हाला परत पाठवलं तर पोर कुणाच्या हाती राहणार? मी खुर्चीतून उठत होते, बसत होते, पाणी ओतून घेऊन तसंच ठेवत होते.

मग तिने पाळणाघराचा फॉर्म काढला. त्यावर आई-वडिलांखेरीज तातडीला कुणाला बोलवायचं ते लिहायचं असतं. आम्ही तेव्हा नवीन, ओळखीचं कुत्रंही नव्हतं. म्हणून नवऱ्याने आईच्या जागी दाखल्यावरचं नाव लिहिलं होतं आणि तातडीच्या जागी माझं पासपोर्टवरचं. नातं: कौटुंबिक मैत्रीण. एका बायकोची दोन माणसं केली म्हणून त्या दिवशी आम्ही दोघं खो खो हसलो होतो.

"वडिलांनी नेमलेली व्यक्ती म्हणून मी मुलीला तुमच्याकडे आजच देऊ शकते," ती म्हणाली. "आई म्हणून हवी असेल, तर थांबावं लागेल. उद्या मी घरी येऊन पाहून जाईन."

थांबण्याइतकी मी शहाणी नव्हते. सही केली. ती सही माझी वाटेना.

मुलगी आली ती कुणाच्या तरी गुलाबी टी-शर्टमध्ये. येऊन माझ्या कमरेला चिकटली. एमआरटीत, इथल्या मेट्रोत, बसल्यावर तिने माझ्या मांडीवरचा कागद बोट ठेवून वाचला. हल्ली तिला सगळंच वाचता येतं.

"आई, उद्या ती लेडी आली तर हाऊ?" तिने इथल्या पोरांसारखं विचारलं. "तुला आई म्हणू की आंटी?"

डब्यात गर्दी होती, तरी मला रडू आवरेना. त्या बाईला सगळं ठाऊक होतं, पोर आई म्हणाली असती तर काहीही बिघडणार नव्हतं. हे आज कळतं. तेव्हा मला फक्त माझी सही दिसत होती.

मी तिचे केस मागे सारले आणि म्हणाले, "ती असेल तोवर आंटी म्हण."