आत्याच्या चार भाऊबिजा

विहिरीच्या वीजजोडणीला सगळ्या हिस्सेदारांची संमती लागते, असं सांगून माझ्या वडिलांनी आत्याला नेवाशाला नेलं आणि हक्कसोड पत्रावर सही घेतली. तिनं कागद वाचला नाही. भावानं पुढे केलेला कागद वाचायचा असतो, हे तिला कोणी शिकवलंच नव्हतं.

त्याच वर्षी भाऊबिजेला ताटात ओवाळणी टाकता टाकता वडील म्हणाले, "उताऱ्यावरचं तुझं नाव कमी झालंय. कागदापुरतं हाय. दिवाळी झाली की परत चढवू."

दरसाल हेच. तिची पोरं कोर्टात जा म्हणत. ती म्हणे, "भावावर दावा लावला तर मला माहेर न्हाई ऱ्हानार." असा दावा कळल्यापासून तीन वर्षांच्या आत लावावा लागतो, हे तिला माहीत नव्हतं. वडिलांना पक्कं माहीत होतं. दर दिवाळीआधी वकिलाला विचारून यायचे. भाविक माणूस. ओवाळून घ्यायला डोक्यावर टोपी घालून बसायचे.

चौथ्या भाऊबिजेला पाटावरून उठत ते म्हणाले, "आता ते ऱ्हाऊ दे." मग तिनं दावा लावला.

तिच्या वकिलानं तिला पढवलं होतं: गेल्या वर्षीच कळलं, एवढंच सांगा. पण आमच्या वकिलानं विचारताच ती म्हणाली, "त्याच साली कळलं. भावानंच सांगितलं भाऊबिजेला." तिच्या वकिलानं कपाळाला हात लावला. आमचा वकील फुलला. संपलेली मुदत म्हणजे माझ्या अशिलाचा हक्क, आणि मालमत्तेच्या हक्काला राज्यघटनेचं संरक्षण आहे, असं तो बोलत सुटला. फसवून घेतलेल्या सहीला थेट घटनेची ढाल. ऐकून मला किळस आली. सही कशी घेतली, यावर अवाक्षर निघालं नाही. दावा मुदतबाह्य ठरला.

परतताना गाडी मी चालवत होतो. वडील शेजारी बसून कौतुकानं म्हणाले, "काय बी म्हन, आपली बहीन खोटं न्हाई बोलत."

मला लाज वाटली. त्यांना दोन शब्द सुनावावेत असं फार वाटलं, पण मी गाडी घराकडे वळवली. वडील गेल्यावर आत्याच्या हिश्श्याचा जमिनीचा तुकडा माझ्या नावावर झाला. यंदा त्यात ऊस आहे, आणि आत्या अजून जिवंत आहे.