साहेबाचा गणपत

लखनऊच्या मराठी मंडळात माझ्याइतका बडबड्या माणूस गोमतीच्या दोन्ही काठांवर शोधून सापडायचा नाही. यंदाच्या गणेशोत्सवात, महानगर नावाच्या वस्तीतल्या हॉलमध्ये, दुपारच्या पंगतीआधी मी दोन्ही महायुद्धांतल्या शिपायांच्या टोपणनावांवर तासभर बोललो. इंग्रज तो टॉमी, जर्मन तो जेरी, रशियन इव्हान, फ्रेंच तो प्वालू, म्हणजे ‘केसाळ’. प्रत्येक नाव गोऱ्या साहेबाच्या घोगऱ्या आवाजात, नसलेल्या मिशीला पीळ देत. हसून हसून मानक नगरचे एक रिटायर्ड इंजिनियर खुर्चीसकट उलटले, त्यांच्यावर तिघे पडले. बरं, एकच पडला.

“आणि आपला मराठा शिपाई,” मी म्हणालो, “साहेबाच्या तोंडी सरसकट गणपत. किती प्रेमाचं नाव!”

टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेतल्या एक काकू उठल्या. सत्तरी उलटलेल्या, मूळच्या साताऱ्याकडच्या, मुलाच्या बँकेतल्या बदलीमुळे इकडे आलेल्या.

“माझे वडील इटलीत लढले,” त्या म्हणाल्या. “पलटणीतली चारही वर्षं साहेब त्यांना गणपतच म्हणाला. घरी परतले, तर आजीनं नावानं हाक मारली तरी वळून बघेनात. हे प्रेम होय?”

“सॉरी काकू, मला तसं—”

“सॉरी ठेवा तुमच्याकडेच. जगभरच्या शिपायांची नावं घेतलीत, आता त्यांचं घ्या. पूर्ण.” आणि त्यांनी ते सांगितलं.

अध्यक्ष माझ्या कानाशी लागले, “आवरा यार, पुऱ्या गार होतायत.”

मी माइकवर नाव घेतलं. पण तासभर चढलेला साहेब गळ्यातून उतरला नव्हता. आवाज त्याचाच निघाला, हातही मिशीकडे गेला. हॉल खदखदला. एका गेलेल्या माणसाच्या खऱ्या नावावर शंभर माणसं पोट धरून हसली, आणि त्यांच्यात मीही. एरवी मी राईचा पर्वत करतो. इथे राईभरही वाढवलेलं नाही. स्वतःच्या जिभेची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

दुसऱ्यांदा नाव नीट घेतलं, तोवर अध्यक्षांनी माइक बंद करवला होता. निम्मे लोक पानावर बसले होते.

काकू तिथेच उभ्या. म्हणाल्या, “माइक चालू करायला सांगा. मला जेवायची घाई नाही.”