मधल्या कैचीखालचा टेकू

मिस्त्रीबाबा कोणाच्याही घरात शिरले की आधी वर पाहायचे, माणसांकडे मग. आढं, वासे, कवेलू यांवरून नजर फिरली की निकाल द्यायचे, “काढते अजून पाच वर्षं. आणा चहा.” घरमालक हसायचा, पण छत झुकू लागलं की बोलावणं त्यांनाच जायचं.

त्यांचे वडील बोडीत, म्हणजे गावच्या लहान तळ्यात, मासे धरायचे. वडिलांचा डोंगा दुरुस्त करता करता बाबांचा हात लाकडावर बसला आणि डोंग्यावरून ते छपरांवर चढले ते सत्तरीपर्यंत उतरलेच नाहीत.

नाकाडोंगरीकडे, जंगलाला लागून मिशनचं एक जुनं चर्च होतं. तिथली कुटुंबं कधीच पांगली होती. पडण्याआधी लाकूड, विटा, कवेलू काढून न्या आणि गावात वाचनालय बांधा, अशी चिठ्ठी मिशनच्या लोकांनी दिली. मी शाळेतला शिक्षक, म्हणून पुढारपण माझ्याकडे आलं. आम्ही दहाजण, सगळे हौशी. काम जाणणारे एकटे बाबा.

पहिल्या दिवशी ते दाराशी चपला काढून आत गेले. आत वटवाघळांची घाण पडलेली. आमच्यातल्या किराणा दुकानदारानं चिडवलं, बाबा, इथं आता देव राहत नाही. बाबा म्हणाले, “देव गेला असन. ज्यानं ह्या कैच्या बसवल्या, त्याचे हात त आहेत न अजून.” छत पेलणाऱ्या लाकडी तिकोन्यांना ते कैच्या म्हणत.

त्यांचे नियम दोनच. जे शेवटी चढलं ते आधी उतरेल. आणि ज्यानं टेकू लावला, त्यानंच तो काढायचा. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. दुकानदार म्हणाला, मग प्रत्येक टेकूवर नाव लिहून ठेवा. “नाव कायले पायजे? टेकूले मालक माहीत रायते,” एवढंच बोलून बाबा वर चढले.

चौथ्या दिवशी मागून आणलेला ट्रॅक्टर दुपारपर्यंत परत द्यायचा होता, आणि मी घाईत होतो. बाजूची भिंत कलू लागली होती, तिला आधार हवा होता. मधल्या कैचीखाली एक टेकू दिसला. हलवून पाहिला तर डुलला. मला वाटलं, रिकामा उभा आहे. बाबा पलीकडच्या भिंतीवर होते. एक हाक मारायची होती. मी मारली नाही. टेकू काढला आणि भिंतीला लावला.

वरचा भार सरकला की तो पेलायला म्हणून बाबा एखादा टेकू मुद्दाम ढिला ठेवत, हे मला फार उशिरा कळलं. पंधरा मिनिटांत बाबा मधल्या छपरावर आले, आणि कवेलू उतरवताना मधली कैची खाली आली आणि तिच्यासोबत बाबा. खुब्याचं हाड मोडलं. धावपळीत कोणी काही पाहिलं नाही, आणि ढिगाऱ्यात सगळे टेकू सारखेच दिसत होते.

भंडाऱ्याच्या दवाखान्यात त्यांनी डोळे उघडले तेव्हा मी शेजारीच होतो. ते म्हणाले, “मधल्या कैचीले टेकू लावाचा इसरलो मी.” मी म्हणालो, बाबा, बोलू नका. त्यांना वाटलं, मी त्यांची लाज झाकतो आहे.

पुढे ते काठीवर चालू लागले, पण कामाला गेले नाहीत. वाकस, रंधा, करवत वाटून टाकली. येईल त्याला सांगायचे, म्हातारा झालो, टेकू विसरलो. मी दर रविवारी जायचो. गेलो की तेच ऐकावं लागे, न जावं तर लोक विचारतील काय झालं म्हणून. बाबांच्या पत्नी, आमच्या आजी, चहा देताना म्हणायच्या, गुरुजी तेवढे आठवण ठेवतात. तो चहा मी दोन वर्षं प्यालो. वाचनालयाच्या उद्घाटनाला शाल-श्रीफळ मला मिळालं. बाबा मागच्या खुर्चीवर बसून टाळ्या वाजवत होते.

शेवटी एका रविवारी, आजी पाण्याला गेल्या असताना, मी सांगून टाकलं. बाबांनी काठी बाजूला ठेवली. मग दोन्ही तळवे मांडीवर उलटे-सुलटे करून पाहत म्हणाले, “दोन वर्षं मी माह्याच हातावर संशय घेऊन राहिलो, गुरुजी.”

मी माफी मागू लागलो. त्यांनी थांबवलं. “मले सांगून काय होते? मी ज्याईले सांगतलं, त्याईले सांगा.”

हो म्हणालो. त्या आठवड्यात जमलं नाही. पुढच्या आठवड्यातही नाही. तिसऱ्या आठवड्यात बाबा गेले.

तेरवीच्या पंगतीत दुकानदार माझ्या शेजारी होता. हात सोन्याचा होता हो, शेवटी तेवढं विसरले, असं तो हळहळून म्हणाला. माझ्या तोंडात घास होता. मी होकारार्थी मान हलवली.

तोंडानं सांगणं मला जमत नाही, हे आता पुरतं कळलं आहे. म्हणून हा कागद वाचनालयाच्या फलकावर लावतो आहे. दुकानदार पेपर वाचायला सगळ्यांच्या आधी येतो, तोच पहिल्यांदा वाचेल. मिस्त्रीबाबा काहीही विसरले नव्हते. टेकू त्यांनी लावला होता. मी काढला.